पेलेट स्टोव्ह आणलात? आधी धुराची नळी नीट बसवा

पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून घर तापवणारी शेगडी, घेतलात, छान केलंत. पण पेटवायची घाई करू नका, आधी नळीचं बघू.

आमच्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या घरी बसवणाऱ्याने स्टोव्हच्या मागून नळी काढली ती थेट आडवी, भिंतीबाहेर. काम तासाभरात उरकलं. जानेवारीत बर्फाच्या वादळात वीज गेली आणि बघता बघता बैठकीची खोली धुराने भरली. कडाक्याच्या थंडीत दारं-खिडक्या सताड उघडून, मुलांना रजईत गुंडाळून आम्ही गाडीत जाऊन बसलो. म्हणून हे सगळं तपशिलाने लिहितेय.

आपल्याकडचा अंघोळीचा बंब आठवा. मधल्या नळकांड्यातून गरम धूर आपोआप वर चढतो. पेलेट स्टोव्हमध्ये मात्र विजेवरचा पंखा धुराला ढकलत असतो. पंखा चालू असताना नळीत दाब असतो, त्यामुळे सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी धूर खोलीत येतो. आणि पंखा थांबला की धुराला वर ओढायला नळीची उंचीच लागते. खालची प्रत्येक पायरी या दोन गोष्टींसाठी आहे.

१. परवाना. गावच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरकडून परवाना घ्या आणि घराच्या विमा कंपनीला कळवा. स्टोव्हची पुस्तिका शेवटपर्यंत वाचा. माझे आकडे आणि पुस्तिकेतले आकडे जुळले नाहीत तर पुस्तिकेचे खरे.

२. नळी. ‘पीएल व्हेंट’ असा शिक्का असलेलीच घ्या. ती दुहेरी असते, आतला थर स्टेनलेस स्टीलचा. गॅसच्या उपकरणाची बी-व्हेंट किंवा कपडे वाळवायच्या ड्रायरची नळी स्वस्तात मिळते, पण या कामाला ती अजिबात वापरू नका.

३. मार्ग आखा. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा. नळी धुराला किती अडवते, त्याचा बहुतेक कंपन्यांचा हिशेब असा: आडव्या नळीचा १ फूट म्हणजे १, उभ्या नळीचा १ फूट म्हणजे अर्धा, ४५ अंशांचा एल्बो (वळणाचा तुकडा) ३, काटकोनी एल्बो किंवा टी (इंग्रजी T सारखा तीन तोंडांचा तुकडा) प्रत्येकी ५. आमची नवी मांडणी: स्टोव्हमागे टी (५), तिथून घरातच ४ फूट उभी नळी (२), वर एल्बो (५), मग भिंतीतून २ फूट आडवी (२). बेरीज १४. बेरीज १५ च्या आत असेल तर साधारणपणे ३ इंची नळी चालते. त्यापुढे, किंवा कोलोरॅडोसारख्या उंच प्रदेशात राहत असाल तर ४ इंची लागते. त्या उभ्या नळीत काटकसर करू नका. किमान ३ ते ५ फूट उंची हवीच, वीज गेल्यावर उरलेला धूर तीच ओढून नेते.

जुनी विटांची चिमणी असेल तर तिच्यात टोकापर्यंत स्टेनलेस लायनर (आतून घालायची नळी) सोडा. बॉयलरच्या धुराड्याला ही नळी कधीही जोडू नका.

४. बाहेरचं तोंड. उघडणाऱ्या दारा-खिडकीच्या खाली किंवा बाजूला असेल तर ४ फूट लांब, वर असेल तर १ फूट. पायवाटेवर येत असेल तर ७ फूट उंच. झुडपं, गॅसचा मीटर, ओसरीचं छप्पर यांपासून दूर. आणि बर्फ साचतो त्या पातळीच्या बरंच वर. जागा ठरवताना फेब्रुवारीतलं अंगण डोळ्यांसमोर आणा.

५. भिंत. भोक पाडण्याआधी आत वायर किंवा पाण्याची नळी नाही ना, ते तपासा. नळी भिंतीतून न्यायला ‘थिंबल’ नावाचं धातूचं कडं बसवतात, त्याने लाकूड नळीपासून लांब राहतं. किती लांब ते नळीवरच छापलेलं असतं, बहुधा १ किंवा ३ इंच.

६. सांधे. प्रत्येक सांध्याला जास्त तापमान सोसणारं सिलिकॉन लावा, रबरी कडीची नळी असेल तर तिच्या कंपनीने सांगितलं असेल तसं करा. सिलिकॉन पूर्ण दिवस सुकू द्या. स्टोव्हला जळायला लागणारी हवा बाहेरून आणणारी वेगळी नळीही याच वेळी बसवून घ्या. घर घट्ट बंद असेल तर ती हवीच, आणि मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणलेल्या घरात) सक्तीची असते.

७. पहिला जाळ. संध्याकाळी दिवे मालवून पेटवा आणि टॉर्च प्रत्येक सांध्यावर तिरका धरा. सुरुवातीच्या दोन-चार मिनिटांत धूर दाट असतो, गळती असेल तर झोतात बारीक वेटोळी दिसतात. आठवडाभराने पुन्हा बघा. सांध्याखाली भस्माच्या बोटासारखी राखाडी रेघ उमटली असेल तर स्टोव्ह बंद करून, थंड झाल्यावर तो सांधा उघडा आणि नव्याने भरा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवा; या वायूला वास नसतो.

पुढे साधारण टनभर, म्हणजे ४० पौंडी ५० पोती, पेलेट जळले की टीचं खालचं झाकण काढून राख झाडा. आमच्या टीमधून पहिल्या खेपेला वाटीभर निघाली, पिठासारखी मऊ.

वीज गेली तर स्टोव्हचं दार उघडू नका. मागच्या हिवाळ्यात आमची रात्री दोनला गेली. मी टॉर्च घेऊन खाली आले तर नळीच्या तोंडातून बाहेर धुराची बारीक धार चढत होती, खोलीत किंचित वास होता, आणि मुलं वर झोपलेली होती.