न्यायाधीश साहेबांनी विचारलं, “इतके दिवस पावत्या कुठे होत्या?”

तारीख वादीच्या उलटतपासाची होती. सरतपासाचं शपथपत्र (वादीची स्वतःची लेखी साक्ष) देऊन महिना उलटला होता. आणि आमच्या पक्षकारांनी, म्हणजे वादीने, कोर्टाच्या पायरीवर दुधाच्या पिशवीतून तीन पावत्या काढल्या. “वकीलसाहेब, ह्या पण लावून टाका की.” दावा साठेखतावरून (विक्रीच्या करारावरून) खरेदीखत करून मागण्याचा, आणि पावत्या पैसे दिल्याच्या!

वकिलीची सनद मिळून मला दीड वर्ष झालं होतं. बाररूममध्ये पाच मिनिटांत अर्ज खरडला: ‘सदर कागद नजरचुकीने दाखल करावयाचे राहून गेले, तरी दाखल करून घ्यावेत.’ समोरच्यांनी तिथल्या तिथे अर्जावर से (आपलं म्हणणं) लिहिला: पावत्या मागाहून तयार केलेल्या आहेत. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, “इतके दिवस पावत्या कुठे होत्या?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पक्षकारांना ते विचारलंच नव्हतं.

सिनियरनी अर्ज चालवायचा नसल्याची पुरसीस (लेखी निवेदन) दिली आणि नव्याने अर्ज करायला मुभा व पुढची तारीख मागून घेतली. बाहेर आल्यावर माझी हजेरी घेतली, ती वेगळी.

वादीने कागद वादपत्रासोबतच द्यायचे असतात. राहिले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर ७ रूल १४(३) खाली कोर्टाची परवानगी लागते. प्रतिवादीसाठी हेच ऑर्डर ८ रूल १-ए(३) मध्ये आहे. बारमध्ये फिरणाऱ्या जुन्या नमुन्यांत अजून ऑर्डर १३ रूल २ सापडतो. तो १ जुलै २००२ पासून अस्तित्वातच नाही, उतरवून काढू नका.

उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळला जातो असं मला वाटायचं. तसं सहसा होत नाही. समोरच्याचं गंभीर नुकसान होणार नसेल तर अशा अर्जांकडे उदारपणे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुगंधी विरुद्ध पी. राजकुमार या निकालात म्हटलं आहे. पण सबळ कारण मात्र दाखवावं लागतं, आणि ‘नजरचूक’ हे कारण नव्हे.

दुसऱ्या अर्जाआधी मी पक्षकारांशी तासभर बोललो. वाटणीनंतर जुनं घर धाकट्या भावाकडे गेलं, पावत्या तिथल्या फडताळात राहिल्या, छप्पर उतरवताना सापडल्या. कधी? दिवाळीनंतर. भावाचं शपथपत्र जोडलं. मुख्य म्हणजे वादपत्राच्या चौथ्या परिच्छेदात तिन्ही रकमा तारखांसह आधीपासून होत्या, त्यामुळे ‘मागाहून तयार केल्या’ हा आक्षेप लंगडा पडला. एक हजार रुपये कॉस्टवर (खर्च भरण्याच्या अटीवर) परवानगी मिळाली.

तेव्हापासून वकीलपत्रावर सही घेतानाच मी विचारतो: घरात, भावाकडे, बँकेत, तलाठ्याकडे अजून काय आहे? जो कागद हातात नाही, तो कोणाच्या ताब्यात आहे हे वादपत्रातच लिहितो. तशी तरतूद आहे, पण फारसं कोणी वापरत नाही. नक्कल मागितली असेल तर अर्जाची पोच जपून ठेवतो.

व्यावसायिक न्यायालयात मात्र एवढ्या सैलपणाची आशा धरू नका. तिथे कागद दाखल करण्याबाबतची ऑर्डर ११ कडक आहे.

उलटतपासात साक्षीदारासमोर धरायचा कागद आधी दाखल करण्याच्या बंधनातून सुटतो. साक्षीदार स्वतःच पक्षकार असला तरी तो वापरता येतो, हे नागपूर खंडपीठातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

परवानगी मिळाली म्हणून मी खूष होतो, पण कागद दाखल होणं आणि शाबित होणं यात फरक असतो. पुरवणी सरतपासात पक्षकारांनी दोन पावत्यांवरच्या सह्या आपल्यासमोर झाल्याचं सांगितलं, त्यांना निशाणी (शाबित पुराव्याचा क्रमांक) मिळाली. तिसरी मध्यस्थाने आणून दिलेली. मध्यस्थ वारलेले, प्रतिवादीने सही नाकारलेली. ती शेवटपर्यंत ‘आर्टिकल ए’च, म्हणजे शाबित न झालेला कागदच राहिली, आणि सगळ्यात मोठी रक्कम नेमकी तिच्यावरच होती.