पावसात बंद राहिलेला जनरेटर सुरू करताना

महाड एमआयडीसीत सावित्रीच्या काठाजवळ आमचं छोटं पॉवरहाऊस आहे: एक गॅस इंजिन आणि त्याला 11 केव्हीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन. वर महाबळेश्वरला धो धो पडला आणि खाली बाणकोटच्या खाडीत भरती असली की सावित्रीला फुग येतो. पाणी आत शिरलं नाही तरी चार दिवस बंद असलेलं मशीन इथल्या हवेनंच ओलावतं. एका श्रावणात घाईघाईत मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) न लावता आम्ही सेट चालू केला आणि वाइंडिंग, म्हणजे अल्टरनेटरमधली तारांची गुंडाळी, जळलं. ते रिवाइंड होऊन येईपर्यंतचे दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून मशीन थांबलं की लगेच स्पेस हीटर, म्हणजे बंद मशीन आतून कोरडं ठेवणारा हीटर, चालू आहे ना, ते हात लावून बघा. पॅनलवरच्या दिव्यावर विसंबू नका.

मोजण्याआधी ब्रेकर बाहेर काढून कुलूप लावा, व्होल्टेज नाही याची खात्री करा, न्यूट्रल आणि पीटी (व्होल्टेज मोजण्यासाठीचा छोटा ट्रान्सफॉर्मर) सोडवा. एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, तोही वेगळा करा, नाहीतर त्याचं कार्ड जातं. 2.5 किंवा 5 केव्हीचा मेगर लावा आणि एका मिनिटाचा व दहा मिनिटांचा आकडा लिहा. दुसऱ्याला पहिल्यानं भागून 2 पेक्षा कमी आलं तर ओल किंवा घाण आहे असं धरा. नव्या पद्धतीच्या वाइंडिंगला एका मिनिटाचा आकडा 40 अंशांवर किमान 100 मेगाओहम हवा. तापमानही लिहा, कारण ते 10 अंशांनी वाढलं की आकडा साधारण निम्मा होतो.

आकडा कमी असेल तर वाळवा, पण हळूहळू. भसकन तापवलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन इन्सुलेशन फुगतं. वाळताना आकडा आधी खाली येतो, मग चढतो. इथेच नवीन मुलं घाबरून हीटर बंद करतात. तसं करू नका. पुराचं गाळाचं पाणी आत गेलं असेल तर आधी गोड्या पाण्यानं धुवा, मगच वाळवा.

गॅसचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी पंखे चालवा. गॅसमधला मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताखाली साठतो आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीला पुरतो. फ्लँजवर, म्हणजे पाइपांच्या जोडांवर, साबणाचं पाणी फिरवा; बुडबुडे आले तर गळती आहे.

मेगरनंतर वाइंडिंगमध्ये साठलेला चार्ज उतरावा म्हणून ते अर्थ करून ठेवा, दहा मिनिटांच्या टेस्टला किमान चाळीस मिनिटं. सुरू करण्याआधी अर्थिंगच्या क्लिपा मोजा. तीन लावल्या असतील तर तीनही टेबलावर दिसल्याशिवाय ब्रेकरचं कुलूप काढू नका.