अंदमानला निघालाय? या चुका टाळा

कोल्हापूरची माणसं अंदमानला पोचतात, पण त्यांचं मन रंकाळ्याच्या वेळेवरच चालत राहतं. इथं डिसेंबरात संध्याकाळी सहालाही उजेड असतो. तिकडं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ तेच, पण बेटं आपल्यापेक्षा अठरा अंश पूर्वेला, त्यामुळं सूर्य सव्वा तास पुढं. दर गटाला हे मी विमानतळावरच सांगतो, तरी ‘जेवून जरा पडतो, मग बीचवर जाऊ’ म्हणणारे निघतातच.

मागच्या थंडीत राजारामपुरीतलं एक कुटुंब असंच स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, राधानगर बीचवर अंधारात पोचलं. पुढं शहीद द्वीपवर, म्हणजे जुन्या नीलला, दगडाची नैसर्गिक कमान बघायची होती. ती बघायची ओहोटीलाच. गाडीवाला म्हणाला, पहाटे सहाला निघा. ह्यांनी आंघोळी, नाष्टा उरकून साडेनऊला गाडी काढायला लावली. भरती चढत होती. ‘पंचगंगेत पोहणारी माणसं आम्ही’ म्हणत थोरला मुलगा पाण्याखालच्या दगडांवरून पुढं गेला, घसरला, आणि प्रवाळानं घोटा फाडला. ती जखम लवकर भरत नाही. उरलेली सहल पोरगं किनाऱ्यावर बसून होतं.

मी आदल्या रात्री मुक्कामाच्या जागी ओहोटीची वेळ विचारतो आणि जेवणं तिच्याभोवती बसवतो. ती वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणून काल आलेल्या पाहुण्यांची वेळ आज धरू नका. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी जास्तीत जास्त मागं हटतं, त्यामुळं तारखा ठरवताना मी आधी तिथी बघतो.

दुसरी चीड आणणारी सवय म्हणजे पिशवीत प्रवाळ भरणं. ‘मेलेलंच तर आहे, देवघराजवळ ठेवू.’ मेलेलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळ नेणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते सापडतंच. किनाऱ्यावरचं काहीच उचलू नका. शंख-शिंपल्यांच्या वस्तू दुकानातून घ्या आणि पावती सोबत ठेवा.

जेवणाचं म्हणाल, तर तिथं तांबडा-पांढरा रस्सा मागू नका. स्वराज आणि शहीद द्वीपवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं वसली. त्यांच्या गावांची नावंच बघा: गोविंदनगर, श्यामनगर, सीतापूर, लक्ष्मणपूर. त्या कमानीलाही ते हावडा ब्रिज म्हणतात. बाजारातल्या साध्या खानावळीत मोहरीच्या वाटणातला मासा आणि भात खा, मालकाशी हिंदीत बोला, त्याचे आजोबा कसे आले ते विचारा. हॉटेलच्या पनीर बटर मसाल्यासमोर बसून बेट कळत नाही.

बाराटांग बेटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर जारवा आदिवासी दिसले तर गाडी थांबवू नका, फोटो काढू नका, खाऊ देऊ नका; तिन्हींना कायद्यानं बंदी आहे.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच (आता श्रीविजयपुरम) राहा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. चार दिवसांत सगळी बेटं उरकणारे नेमके इथंच अडकतात. त्यापेक्षा एक बेट कमी करा.