पायथन बिल्ड झालं, पण पिप चालेना

उबुंटूवर पायथन ३.१२ सोर्समधून बिल्ड केलं. मेक (कोड कंपाइल करणारी कमांड) बिनतक्रार संपलं, पण सुरक्षित जोडणीसाठीचं एसएसएल मॉड्यूल तयारच झालं नव्हतं; त्याशिवाय पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनाला, नेटवरून ती उतरवता येत नाहीत. मेकच्या शेवटी न सापडलेल्या मॉड्यूलांची यादी येते. ती कोण वाचतं!

सिस्टीमवरच्या लायब्ररी दाखवणाऱ्या एलडीकॉन्फिगच्या यादीत ओपनएसएसएल (एसएसएल मॉड्यूलला लागणारी लायब्ररी) दिसत होतं. फसगत इथेच होते. यादीतली लायब्ररी फाइल प्रोग्राम चालवण्यापुरती; कंपाइलरला हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची घोषणा असलेल्या फाइली) लागतात आणि ते वेगळ्या ‘डेव्ह’ पॅकेजात असतात. म्हणून तपासणी पीकेजी-कॉन्फिग या कमांडला ‘मॉडव्हर्जन’ (आवृत्ती दाखवणारा) पर्याय देऊन करावी: ओपनएसएसएल (किमान १.१.१), आणि इतर मॉड्यूलांना लागणाऱ्या लिबएफएफआय, झेडलिब. आकडा आला नाही, तर त्याचं डेव्ह पॅकेज टाकायचं.

मग मेक डिस्टक्लीन (जुन्या बिल्डच्या फाइली पुसायला) आणि कॉन्फिगर (सिस्टीमवर काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) पुन्हा, त्यानंतर मेक. नुसतं मेक परत चालवून भागत नाही, कारण कॉन्फिगरचा जुना निकाल मेकफाइलमध्ये नोंदलेला असतो.