वायटोमोच्या गुहेला आई-बाबांना नेताना: आधी लांबचा चष्मा

चष्मा. लांबचा, पांढऱ्या काचेचा, रोजचा चष्मा. बाकीचं सगळं पुढे येईलच, पण कुणी एवढंच वाचून थांबलं तरी चालेल.

गेल्या जानेवारीत आई-बाबांना ऑकलंडहून इथल्या, म्हणजे न्यूझीलंडमधल्या, वायटोमोच्या गुहा दाखवायला घेऊन गेले. एका दिवसाची सहल: बस, गाइड, ग्लोवर्मच्या, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या अळ्यांच्या, गुहेत होडी आणि येताना ओटोरोहांगाला किवी पक्षी. आईला मायनस साडेतीनचा नंबर आहे. सकाळी बस दक्षिणेला निघाली की डाव्या खिडक्यांतून ऊन थेट तोंडावर येतं, म्हणून तिने नंबरचा गॉगल चढवला आणि रोजचा चष्मा डबीत घालून पुढच्या सीटच्या जाळीत ठेवला. वायटोमोला उतरताना गाइडने मोठ्या बॅगा बसमध्येच ठेवायला सांगितल्या. आमच्या गुहेच्या वेळेला दहा मिनिटं उरली होती. मी तिकिटं, जॅकेटं आणि बाबांचा गुडघा बघत राहिले आणि चष्मा जाळीतच राहिला. लक्षात आलं तेव्हा आम्ही गुहेत होतो आणि बस बाहेर कुठेतरी कुलूपबंद उभी होती.

आता क्रमाने सांगते.

बुकिंग करताना घाई करू नका. भारतातून आलेल्या माणसांना पहिले चार-पाच दिवस अजिबात न्यायचं नाही. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात इथे सकाळचे सात वाजतात तेव्हा साताऱ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे तुम्ही त्यांना झोपेच्या वेळी उठवून बसमध्ये बसवणार, आणि वायटोमो तर दोनशे किलोमीटरवर, जायलाच अडीच तास. बुकिंगच्या आधी सहल चालवणाऱ्यांना दोन गोष्टी विचारून घ्या. एक, कोणती गुहा. वायटोमोत दाखवायच्या गुहा एकाहून जास्त आहेत. होडीची प्रसिद्ध गुहा म्हणजे ग्लोवर्म केव्ह, तिच्यात पायऱ्या आहेत, ओल्या आहेत, कठडा धरून उतरावं लागतं. रुआकुरी गुहेत गोल गोल वळत खाली जाणारा उतार आहे, चाकाची खुर्चीसुद्धा जाते, आणि तिथे ग्लोवर्मचे धागे जवळून दिसतात. मात्र तिथला फेरफटका बराच लांबतो. अरानुई गुहा देखणी आहे, पण तिच्यात ग्लोवर्मच नाहीत, तेव्हा नावावरून फसू नका. दुसरं, पावसाचं विचारा. जोराचा पाऊस होऊन गुहेतल्या नदीचं पाणी चढलं की होडी बंद ठेवतात. ग्लोवर्म बारा महिने असतात, त्यांना हंगाम नाही, पण होडीला आहे.

गुडघ्याचं दुखणं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा, गुहेच्या दारात नको.

आदल्या रात्रीची तयारी म्हणजे मुख्यतः बोलण्याची, आणि ही पायरी लोक गाळतात. तिथले गाइड छान बोलतात, पण भराभर बोलतात, आणि इथलं इंग्रजी आपल्या आई-वडिलांच्या कानाला नवं असतं. शिवाय होडीत बोलायचंच नसतं. त्यामुळे जे सांगायचं ते घरीच मराठीत सांगून ठेवा. सगळ्यात आधी हे की तिथे काजवे नसतात. भंडारदऱ्याला मे अखेरीस काजवे बघितलेली माणसं तसंच लुकलुकणं डोळ्यांसमोर घेऊन येतात. काजवा हा भुंगेऱ्याच्या जातीतला किडा, आणि तो चमकतो जोडीदारासाठी. इथली चमकते ती एका चिलटासारख्या माशीची अळी. ती न्यूझीलंडखेरीज कुठे सापडत नाही, इथले मूळचे रहिवासी माओरी लोक तिला टिटिवाई म्हणतात. ती छताला चिकटून राहते, चिकट थेंबांनी मढलेले रेशमी धागे खाली सोडते आणि शेपटाकडे निळसर-हिरवा दिवा लावून बसते. नदीतून वर आलेली बारीक चिलटं त्या उजेडाकडे जातात आणि धाग्यांत अडकतात. अळी जितकी भुकेली तितका दिवा प्रखर. असं साधारण नऊ महिने खाऊन घ्यायचं, कारण पुढे पंख फुटलेल्या माशीला तोंडच नसतं. ती काही दिवस जगते, अंडी घालते आणि संपते. आईला हे मी तिथे पोचल्यावर सांगायचं ठरवलं होतं. तिथे वेळच मिळाला नाही.

दुसरी गोष्ट टाने टिनोराऊंची. १८८७ मध्ये हे इथले माओरी प्रमुख आणि फ्रेड मेस नावाचा इंग्रज सर्वेक्षक फ्लॅक्स नावाच्या झुडपाच्या देठांचा तराफा करून मेणबत्त्यांच्या उजेडात नदीवाटे गुहेत शिरले. १८८९ पासून टिनोराऊ लोकांना गुहा दाखवू लागले, १९०६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९८९ मध्ये जमीन आणि गुहा मूळ मालकांच्या वंशजांना परत मिळाली. आज तिथे काम करणाऱ्यांत त्यांच्या घराण्यातली माणसं आहेत. आपल्यापुढे उभा असलेला गाइड कदाचित पणजोबांची गुहा दाखवतोय, हे माहीत असलं की म्हातारी माणसं त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. बाबांना हे बसमध्ये सांगितलं होतं, त्यांनी उतरताना गाइडला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

मग सामान. पाणी, टोपी, सनस्क्रीन: इथलं ऊन कसं भाजतं ते सांगायला नको. जॅकेट भर उन्हाळ्यातही, कारण गुहेत गारवा असतो आणि छतावरून थेंब पडतात. चपला, सँडल नकोत, रबरी तळव्याचे बूट. आईने साडी नेसायचा आग्रह धरला तर नेसू द्या, पण घोट्याच्या वर, ओल्या पायरीवर पदर-निऱ्या सांभाळायला हात मोकळा राहत नाही. शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे, आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. खाणं घरून न्या. शाकाहारी माणसाला वाटेत सँडविच आणि बटाट्याचे काप याखेरीज फारसं काही मिळेलच असं नाही, आणि मधुमेह असेल तर जेवणाची वेळ सहलीच्या हातात देऊच नका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम, सांडत नाही. बसमध्ये खाऊ देतात का ते मात्र आधी विचारा.

आणि चष्मा. यासाठी वेगळा परिच्छेद घेते, कारण मागच्या वेळी याच यादीत मी ‘चष्मा’ लिहिलं होतं. लिहून भागत नाही. माझ्या यादीतल्या चष्म्यापुढे बरोबरची खूण होती, कारण आईच्या नाकावर चष्मा होता. तो काळा होता. तेव्हा असं करा: लांबचा, पांढऱ्या काचेचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात. नंबरचा गॉगल आणायचाच असेल तर तो डबीत जाईल, साधा चष्मा डबीत जाणार नाही. जुना चष्मा असेल, नंबर थोडा मागचा असला तरी, तो तुमच्या स्वतःच्या खिशात घ्या. आईच्या पर्समध्ये ठेवू नका, पर्स बसमध्ये राहते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा असतील तर त्या गारव्यात उजळायला वेळ घेतात, म्हणून उतरल्या उतरल्या सावलीत उभे राहा. वाचायचा चष्मा लावून निघालेले बाबालोकही बघितलेत, तेही तपासा. काच पुसायला मऊ फडकं. गुहेतल्या ओल्या हवेत काचेवर वाफ धरते.

सकाळी शहरात बस पकडायला कसं पोचायचं ते आदल्या रात्री नक्की करा. मोटरवेवर अर्ध्या तासात बॉम्बे हिल्स लागतात, पाटी दिसली की म्हातारी मंडळी हरखतात. तिथे वसाहत करणारे ज्या जहाजातून आले त्याचं नाव ‘बॉम्बे’, म्हणून हे नाव. पुढे वायकाटो नदी बराच वेळ सोबत चालते. डावीकडच्या सीटवर ऊन येतं हे सांगितलंच. उजवीकडे बसवा. म्हणजे गॉगलची गरजच पडणार नाही.

वायटोमोला बस थांबली की उठायच्या आधी चष्मा. मग बाथरूम, कारण गुहेत सोय नाही. मग गुहा. फोन बंद करून खिशात, आणि घड्याळ मनगट हलवल्यावर उजळणारं असेल तर तेही काढा. डोळ्याला अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, वय झालेल्या डोळ्यांना जास्त. आणि एकदा पडदा उजळलेला दिसला की पुन्हा पहिल्यापासून. एका माणसाचा फोन होडीतल्या सगळ्यांची ती वीस मिनिटं घालवतो. उजेडाने अळ्याही दिवे मंदावतात. होडीत फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, याबद्दल कुणाशी वाद घालत बसू नका.

आधी चालत लवणस्तंभ दाखवतात. शाळेच्या भूगोलात अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी म्हणून पाठ केलेले ते इथे हाताच्या अंतरावर असतात, पण हात लावायचा नाही, आपल्या बोटांच्या तेलाने त्यांची वाढ थांबते. ‘कॅथीड्रल’ नावाच्या उंच दालनात आवाज फार सुंदर घुमतो. तिथे गाइड कधी कधी गाणं म्हणायला सांगतो. बाबांनी ‘सुखकर्ता दुखहर्ता’चं एक कडवं म्हटलं आणि सगळी रांग शांत उभी राहिली. घरच्यांना आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी लाजतात.

मग होडी. दिवे नाहीत, वल्हं नाही, गाइड उभा राहून डोक्यावरची दोरी ओढत होडी सरकवतो. कुठेतरी पाणी ठिबकत असतं, तेवढाच आवाज. वळण ओलांडलं आणि वर छत उघडलं. हजारो ठिपके, न लुकलुकणारे, काही बोटभर अंतरावर, काही दूर, आणि त्यांच्यामधल्या काळोखालाही खोली होती. मी वर बघत होते. आईने माझा हात दाबला आणि कानाशी येऊन विचारलं, “कुठं गं?”

मी बोट दाखवू शकत नव्हते, अंधारात बोट दिसत नाही. तिने गॉगल घातला, काढला, पुन्हा घातला. काढला तर मायनस साडेतीनच्या नजरेत प्रत्येक ठिपका पसरतो, आणि इतका अंधुक उजेड पसरला की उरतच नाही. घातला तर ठिपका जागेवर येतो, पण काळी काच तो गिळून टाकते. “ढगासारखं निळं काहीतरी आहे,” ती म्हणाली. “तेच का?” मी हो म्हटलं. होडीची ती काही मिनिटं संपली आणि आम्ही उजेडात बाहेर आलो. बाबा तिला हातवारे करून सांगत होते कसं होतं ते. ती ऐकत होती आणि हसत होती. त्यांनी या सहलीसाठी पासष्टीनंतर पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता.

म्हणून चष्मा. होडीत चढायच्या आधी हाताने चाचपून बघा, अंधार असला तरी बघा. आणि बघताना मान मागे टाकायला सांगा, नुसते डोळे वर केले तर नजर चष्म्याच्या वरून जाते. दोरी असली तर वाकताना चष्मा नदीत जात नाही.

ओटोरोहांगा तिथून जवळ आहे. तिथलं किवी हाऊस १९७१ पासून आहे. किवी रात्रीचा पक्षी, म्हणून दिवसरात्र उलटी करून ठेवलेली अंधारी खोली असते. पुन्हा अंधार, पुन्हा तपकिरी पक्षी तपकिरी मातीवर, पुन्हा चष्मा लागतो. नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात, माती हुंगतानाचा सूं-सूं आवाज कान दिला तर येतो. काचेवर टकटक करू देऊ नका, फ्लॅश तर नाहीच. वाघ-हरणाची अपेक्षा ठेवून आलेल्यांना आधी सांगा की या देशात जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. म्हणून तर इथे पक्षी जमिनीवर उतरले आणि काही उडणंच विसरले. तुआतारा दाखवायला विसरू नका. सरड्यासारखा दिसतो पण सरडा नाही, त्याच्या कुळातला आज जगात तो एकटाच उरलाय. तो तासन्‌तास हलत नाही, लोक रिकामा पिंजरा समजून पुढे जातात. दोन मिनिटं थांबा.

परतीला फार काही नाही. उरलेल्या दशम्या, पाणी, गोळ्यांची वेळ. सगळे झोपतात. शहरात उतरताना सगळ्यात मागे राहा आणि प्रत्येक सीटपुढच्या जाळीत हात घालून बघा.