वडिलांच्या नावचं घर: मृत्युपत्र नव्हतं, तरी नोंद झाली

मंगळवार पेठेतलं आमचं घर आबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. मृत्युपत्र नव्हतं. शेजारच्या काकांनी लगेच बजावलं, "आता कोर्टातनं वारस दाखला आणल्याशिवाय जमणार न्हाई." वकिलांनी कागद बघून सांगितलं, वारसांत भांडण नाही, मग आधी सिटी सर्व्हेत, म्हणजे शहरातल्या मिळकतींची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, वारस नोंदीचा अर्ज करा. (कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं; ते ठेवी, शेअर्स अशा येण्यांसाठी असतं, घरासाठी नव्हे.)

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मी आणि आक्का, तिघांचा हिस्सा सारखा. आक्काचं लग्न झालंय म्हणून तिचं नाव गाळा, असं सुचवणारे निघालेच. मी साफ नकार दिला. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा आणि आधार जोडलं. नोटीस निघाली, हरकत आली नाही, आणि पत्रिकेवर तिघांची नावं चढली.

पुढं आक्कानं आपणहून आईच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, केलं. ते मात्र नोटरीपुढच्या स्टँप पेपरवर भागत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. त्याचा फेरफारही, म्हणजे पत्रिकेवरच्या नावांतला बदल, वेगळा.

घरफाळ्याची पावती आणि महावितरणचं बिल सावकाश बदललं. त्यावर नाव आलं म्हणजे मालकी आली, असं नसतं, म्हणून तिकडं घाई केली नाही. आबांच्या मूळ खरेदीखताची प्रमाणित नक्कल तेवढी काढून ठेवली. बँक पहिल्यांदा तेच मागते.