अटॅकनंतर हृदयाला मशीन लावायचं म्हणतात, तेव्हा आधी काय विचारायचं

अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, तरी बीपी वर येत नाही, हातपाय गार पडलेत, लघवी होत नाही. हा कार्डिओजेनिक शॉक, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही. मी ठाण्यात सीसीयूत, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, असे पेशंट सांभाळते. डॉक्टर ‘मशीन लावावं लागेल’ म्हणाले की नातेवाईक विचारतात, "सगळ्यात भारी कुठलं?" दादा, ताई, त्याआधी विचारा, "इकोमध्ये काय दिसलं?" इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मशीन त्यावरून ठरतं.

फक्त डावा कप्पा दमलाय? मग इम्पेलाचा विचार होतो. जांघेतून आत सरकवलेला हा बारीक पंप डाव्या कप्प्यातलं रक्त महाधमनीत ढकलतो. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या डॅनजर शॉक अभ्यासात, 2024 साली, 180 दिवसांतले मृत्यू हा पंप न लावलेल्यांत 58.5 टक्के, तर लावलेल्यांत 45.8 टक्के दिसले. मात्र अरेस्टनंतर, म्हणजे हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर, बेशुद्धच राहिलेले पेशंट त्यात घेतले नव्हते. शिवाय रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, डायलिसिस हे सगळं पंपवाल्यांत जास्त झालं. म्हणून "आमचा पेशंट त्या गटात बसतो का?" हे स्पष्ट विचारा. कप्प्यात गुठळी किंवा महाधमनीला धातूची झडप असेल, तर इम्पेला चालत नाही.

बलून पंप म्हणजे महाधमनीत फुगून-मिटून हृदयाला हातभार लावणारा फुगा. तो शॉकमध्ये सरसकट लावून जीव जास्त वाचत नाहीत, हे 2012 मध्येच कळलं. पण अटॅकने स्नायू तुटून हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळायला लागली किंवा दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं, तर ऑपरेशनपर्यंत तग धरायला तो आजही उपयोगी पडतो. तिथे जुनं मशीन म्हणून नाक मुरडू नका.

एक्मो म्हणजे रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून परत आत ढकलणारं मशीन. ते हृदयाच्या दोन्ही बाजू निकामी झाल्या, ऑक्सिजनही टिकत नसेल, तेव्हा. तेही सरसकट लावल्याने 30 दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत, असं 2023 च्या अभ्यासात दिसलं. शिवाय त्याने डाव्या कप्प्यावरचा ताण वाढतो, तो कसा हलका करणार तेही विचारा.

मशीन इथे नसेल, तर शिफ्टिंगचं लगेच बोला. लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडतंय हे दाखवणारी रक्ततपासणी) चढत असताना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पेशंट अडकणं मला बघवत नाही. आणि जिथे न्याल, तिथे हे मशीन लावायचा रोजचा हात असलेली टीम रात्रीही हजर असते का, ते फोनवरच विचारून घ्या.

संमतीपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांच्या तोंडून ऐका: मशीन काढायचं कशावरून ठरवणार, आणि हृदय सावरलंच नाही तर पुढे काय.